एकाच पातेल्यात मासळी आणि भाजी

मगरिब आणि इशाच्या मधला वेळ आपल्या घरांत सर्वांत धावपळीचा असतो. नमाज, मुलांचा अभ्यास, दुसऱ्या दिवसाची दप्तरं आणि त्यातच रात्रीचं जेवण. सालन वेगळं, तळलेली मासळी वेगळी, भाजी वेगळी असा बेत केला की घरातली बाई शेगडीपाशीच अडकते. बाकीचे दस्तरखानावरून उठतात तेव्हा ती तव्यावरचा शेवटचा तुकडा उलटत असते. नोकरी-शाळेच्या दिवसांत तरी हे बदलायला हवं. त्यासाठी एका पातेल्यातलं सालन फार उपयोगी आहे.

चार-पाच जणांसाठी अर्धा किलो सुरमई किंवा चार मध्यम बांगडे घ्यावेत. घरात लहान मुलं असतील तर सुरमई बरी, काटे कमी. रविवारी मासळी साफ करून एकेका जेवणापुरते डबे भरून फ्रीझरमध्ये ठेवावेत. लागेल तो डबा सकाळी खालच्या कप्प्यात काढला की संध्याकाळपर्यंत मोकळा होतो. तुकड्यांना मीठ-हळद लावून ठेवावी.

रुंद पातेल्यात दोन चमचे तेलावर एक कांदा परतावा. आलं-लसणाचं वाटण, दोन चमचे लाल तिखट आणि एक चमचा धणेपूड घालावी. मग दोन बटाट्यांच्या जाडसर चकत्या, दोन शेवग्याच्या शेंगांचे तुकडे, मीठ आणि दीड-दोन कप पाणी. झाकण ठेवून दहा-बारा मिनिटं शिजू द्यावं.

टोमॅटो आणि आमसुलं आधी घालू नयेत. आंबटात बटाटा लवकर शिजत नाही, कडकच राहतो. बटाटा मऊ झाला की एका वांग्याच्या फोडी आणि दोन टोमॅटो घालावेत. पाच मिनिटांनी चार-पाच आमसुलं टाकून वर मासळीचे तुकडे एका थरात मांडावेत. मंद आंचेवर सात-आठ मिनिटं पुरतात. आता चमचा फिरवायचा नाही, मासळी मोडते. पातेलं फडक्यानं धरून हलकेच हलवावं. वर कोथिंबीर. सोबत भात किंवा तांदळाची भाकरी. ओल्या खोबऱ्याचं वाटण सुट्टीच्या दिवसासाठी राहू द्यावं.

महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. तेव्हा ताजी मासळी कमी आणि महाग. त्या दिवसांत हेच सालन मूठभर सोडे घालून करावं. सोडे कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून, धुऊन कांद्याबरोबरच परतावेत. मीठ बेतानं घालावं.

या पद्धतीत कठीण असं काही नाही. म्हणूनच ती फक्त मुलींना शिकवून थांबू नये. आठवी-नववीतला मुलगा कांदा चिरू शकतो, बटाट्याच्या चकत्या करू शकतो. घरातले पुरुष मासळी साफ करू शकतात. यात कमीपणा कसला? हुजूर पाक (स.) घरी असताना काय करीत, असं विचारलं गेलं तेव्हा हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितलं की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की नमाजसाठी जात. ही हदीस सहीह बुखारीत आहे. आपण ती मुलांना पाठ करून घेतो. ती स्वयंपाकघरातही दिसली पाहिजे.

समुद्रातून मिळणाऱ्या ताज्या मांसाचा उल्लेख सूरह नहलमध्ये अल्लाहच्या नेमतींमध्ये आला आहे. ही नेमत घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून गरम गरम खावी, आणि त्या सगळ्यांत रांधणारीही असावी. या आठवड्यातला एक दिवस ठरवा, पातेलं सरळ दस्तरखानावर ठेवा आणि अम्मी बसल्याशिवाय कोणी बिस्मिल्लाह करू नका.