विश्लेषण : कमावता मुलगा तरी 'अवलंबित'? अमेरिकी करविवरणातील गोंधळ काय?

मे महिन्यात पदवी घेतलेला आणि जुलैत नोकरीला लागलेला २२ वर्षांचा मुलगा फेब्रुवारीत मोबाइलवरच्या अॅपमधून पंधरा मिनिटांत आपले पहिले करविवरणपत्र भरतो. 'दुसरे कोणी तुम्हाला अवलंबित म्हणून दाखवू शकते का?' या प्रश्नापुढचा चौकोन तो रिकामा सोडतो, कारण आता तो स्वत: कमावतो. मार्चमध्ये आईवडील आपले विवरणपत्र ऑनलाइन भरतात, तर ते नाकारले जाते. मुलाचा सोशल सिक्युरिटी क्रमांक आधीच वापरला गेलेला असतो. अमेरिकेत दर वर्षी करहंगामात हा घोळ होतो आणि तिथली मराठी घरेही त्याला अपवाद नाहीत. २०२५ च्या उत्पन्नाचे विवरणपत्र भरण्याची मुदत १५ एप्रिल २०२६ आहे.

गोंधळाचे मूळ त्या प्रश्नाच्या शब्दांत आहे. प्रश्न 'दाखवणार का' असा नसून 'दाखवू शकते का' असा आहे. आईवडिलांनी प्रत्यक्षात लाभ घेतला नाही, तरी नियमांत बसत असेल तर मुलाने चौकोनात खूण करायलाच हवी. मुलाला काय वाटते किंवा घरात काय ठरले, याला तिथे किंमत नाही.

वयाची मर्यादा १८, १९, २४ की २६?

उत्तर कोणता कायदा विचारतो त्यावर आहे. १८ व्या वर्षी मूल सज्ञान होते. करखात्याला त्याच्याशी देणेघेणे नाही. मुलांसाठीचे मोठे क्रेडिट (२०२५ साठी २,२०० डॉलर) १७ वर्षे पूर्ण होण्याच्या आतच संपते. आईवडिलांच्या आरोग्यविम्यात मूल २६ व्या वर्षापर्यंत राहू शकते, पण म्हणून ते करासाठी अवलंबित ठरत नाही. प्राप्तिकरासाठी वर्षअखेरीस मूल १९ वर्षांखालील असावे, किंवा पूर्णवेळ विद्यार्थी असल्यास २४ वर्षांखालील. 'पूर्णवेळ विद्यार्थी' म्हणजे वर्षातील कोणत्याही पाच महिन्यांत, महिन्याचा काही भाग का होईना, पूर्णवेळ शिक्षण. जानेवारी ते मे शिकून पदवी घेतलेला मुलगा त्या संपूर्ण वर्षासाठी विद्यार्थी धरला जातो. मूल कायमचे आणि पूर्णत: दिव्यांग असेल, तर वयाची अट नाही.

घर कोणाचे, खर्च कोणाचा?

वयाइतकीच निर्णायक अट निवासाची आहे. मूल अर्ध्याहून अधिक वर्ष आईवडिलांसोबत राहिलेले असावे लागते. शिक्षणासाठी वसतिगृहात राहणे ही 'तात्पुरती अनुपस्थिती' मानतात, म्हणजे तो काळ घरी राहिल्यासारखाच. पण पदवीनंतर नोकरीच्या गावी स्वत:चे घर भाड्याने घेतले, की ही सवलत संपते. १ जूनला सिअॅटलला बिऱ्हाड हलवणारा मुलगा आणि ऑगस्टपर्यंत घरी राहून मग जाणारा मुलगा यांची पदवी, वय, पगार सारे सारखे असले, तरी पहिला अवलंबित ठरत नाही आणि दुसरा ठरू शकतो. भाडेकराराची तारीख करासाठी इतकी महत्त्वाची असेल, हे क्वचितच कोणाच्या लक्षात येते.

तिसरी अट खर्चाची, आणि इथे बहुतेकांची चूक होते. मुलाने किती कमावले हा प्रश्नच नाही. स्वत:च्या निर्वाहाचा निम्म्याहून अधिक खर्च त्याने स्वत: केला का, एवढेच पाहतात. सहा महिन्यांत ४० हजार डॉलर मिळवून त्यातले बहुतेक बँकेत ठेवले, तर ती बचत निर्वाहात धरली जात नाही. विद्यार्थ्याला मिळालेली शिष्यवृत्तीही त्याने स्वत: केलेला खर्च मानत नाहीत. शैक्षणिक कर्ज मात्र मुलाच्या नावावर असेल आणि फेडण्याची जबाबदारी त्याची असेल, तर ती रक्कम त्याच्या बाजूला जाते. आईवडिलांच्या नावे घेतलेले कर्ज त्यांच्या बाजूला. खासगी विद्यापीठाची फी मुलाच्या कर्जातून भरली असेल, तर पारडे फिरू शकते.

यात पैसे किती?

२०१७ पर्यंत प्रत्येक अवलंबितामागे ४,०५० डॉलर उत्पन्नातून वजा करता येत. २०१८ पासून ही वजावट शून्यावर आली आणि ४ जुलै २०२५ च्या कायद्याने ती कायमची गेली. सज्ञान मुलासाठी उरले ते ५०० डॉलरचे क्रेडिट. लहान मुलांचे क्रेडिट महागाईशी जोडले गेले, हे ५०० डॉलर २०१८ पासून जिथल्या तिथे आहेत. कॉलेजात मूल असलेल्या घराचा खर्च सर्वाधिक असताना सवलत सर्वात किरकोळ, हे न पटणारे आहे.

खरी रक्कम शिक्षणाच्या क्रेडिटमध्ये आहे : पदवीच्या पहिल्या चार वर्षांसाठी वर्षाला २,५०० डॉलरपर्यंत. ते मूल ज्यांचे अवलंबित, त्यांना मिळते. मात्र पतिपत्नींचे एकत्रित उत्पन्न १ लाख ६० हजार डॉलरच्या वर गेले की ते घटू लागते आणि १ लाख ८० हजारांवर संपते. दोघेही आयटीत असलेली बरीच मराठी जोडपी या रेषेपलीकडे असतात. अशा वेळी आईवडिलांनी ५०० डॉलरवर पाणी सोडून मुलाला दाखवलेच नाही, तर मुलगा स्वत:च्या करातून हे क्रेडिट घेऊ शकतो. सहा महिन्यांत ४० हजार कमावलेल्या मुलाचा केंद्रीय कर अडीच हजारांच्या थोडा वर जातो, म्हणजे तो जवळजवळ पुसला जातो. तरीही चौकोनातील खूण करावीच लागते.

२५ वर्षांचा, नोकरी नसलेला मुलगा?

त्याच्यासाठी वेगळी वाट आहे, पण अरुंद. त्याच्या निम्म्याहून अधिक निर्वाहाचा भार आईवडिलांनी उचललेला हवा आणि त्याचे वर्षाचे ढोबळ उत्पन्न ५,२०० डॉलरच्या आत हवे. नोकरकपातीपूर्वी दोन महिने पगार मिळाला असेल, तर पुढचे दहा महिने तो घरी जेवत असूनही अवलंबित नाही.

भारताशी धागा जुळतो तिथे

अवलंबित मूल अमेरिकेचे नागरिक वा करदृष्ट्या निवासी असावे लागते (कॅनडा व मेक्सिकोतील रहिवासी चालतात, भारतातील नाही). अमेरिकी नागरिक असलेली मुलगी पुण्यात शिकत असेल, तर ती अवलंबित राहू शकते. नागरिकत्व नसलेला मुलगा भारतात राहत असेल, तर कितीही पैसे पाठवले तरी नाही. अधिक त्रासदायक प्रकार एच-१बी कुटुंबांचा. २१ व्या वर्षी एच-४ दर्जा संपतो आणि मूल एफ-१ विद्यार्थी व्हिसावर जाते. या व्हिसावरील पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांतले दिवस निवासासाठी सहसा मोजले जात नाहीत. त्यामुळे लहानपणापासून तिथे वाढलेला मुलगा करखात्याच्या लेखी अनिवासी ठरू शकतो आणि अवलंबितांच्या यादीतून बाहेर पडतो.

आजोबांनी नातवाच्या नावे ठेवलेल्या मुदत ठेवीकडेही पाहायला हवे. भारतात मुलाचे उत्पन्न पालकाच्या उत्पन्नात मिळवण्याचा नियम १८ व्या वर्षी संपतो. अमेरिकेत २४ वर्षांखालील विद्यार्थ्याचे व्याज-लाभांशासारखे उत्पन्न २०२५ मध्ये २,७०० डॉलरच्या वर गेले आणि तो निम्मा निर्वाह स्वत:च्या कमाईवर करत नसेल, तर वरच्या रकमेवर आईवडिलांच्या दराने कर लागतो.

विवरणपत्र नाकारले गेले तर?

चूक मुलाची असेल, तर त्याने १०४०-एक्स हा सुधारित अर्ज भरायचा. आईवडिलांनी त्यासाठी थांबायची गरज नाही. करखात्याकडून सहा आकडी ओळख-पिन घेऊन ते आपले विवरणपत्र पुन्हा ऑनलाइन पाठवू शकतात. ही सोय २०२५ च्या करहंगामापासून आहे. त्याआधी कागदी अर्ज टपालाने पाठवण्याखेरीज मार्ग नव्हता. दोघांनीही आपला दावा सोडला नाही, तर दोघांच्या घरी नोटीस येते आणि भाडेकरार, फीच्या पावत्या, बँकेची खातेपत्रके काढून बसावे लागते.