सिझरनंतरची कूस

पहिले बाळ सिझरने झाले आणि दोन-तीन वर्षांत दुसऱ्याची चाहूल लागली नाही, की घरात एक वाक्य ठरलेले असते. "पोट फाडले ना, आता कुठले होतेय!" कधी सासूबाई बोलतात, कधी नणंद, कधी शेजारची खाला. बोलणारीच्या मनात वाईट असतेच असे नाही, पण ऐकणारीच्या मनात ते रुतून बसते. काही घरांत नेमका उलटा प्रकार. पहिल्याचा अकीका होऊन वर्ष सरत नाही तोच "एकाला जोडीदार हवा, लवकर उरकून घ्या" असा तगादा सुरू होतो. पोटावरचे टाके अजून ओढतात का, हे तिला कोणी विचारत नाही.

ही दोन्ही वाक्ये आम्ही अनेक वर्षे ऐकत आहोत. पालकसभेला आलेल्या आया मुलाच्या गुणांविषयी बोलून झाले की दारापाशी थांबतात आणि हळू आवाजात विचारतात, "मॅडम, सिझर झाल्यावर दुसरे खरेच होत नाही का?" आम्ही डॉक्टर नाही. औषध सांगणे आमचे काम नव्हे. पण जे वैद्यकशास्त्राने नीट तपासून मांडले आहे, ते सोप्या भाषेत सांगणे शिक्षकाचे काम नक्कीच आहे. म्हणून या महिन्यात हा विषय.

सिझर आता विरळा राहिलेले नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१५-१६ मध्ये देशातील शंभर बाळंतपणांपैकी सुमारे १७ सिझरने झाली होती. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात हा आकडा २१.५ वर गेला. सरकारी दवाखान्यांत तो शंभरात १४, तर खासगी दवाखान्यांत ४७. म्हणजे प्रत्येक मोहल्ल्यात, प्रत्येक खानदानात आज सिझर झालेल्या सुना-लेकी आहेत आणि हा प्रश्न त्या सर्वांचा आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. बाळ आडवे असेल, वार पिशवीच्या तोंडावर बसली असेल, नाळ बाळाच्या आधी बाहेर आली असेल किंवा बाळाचे ठोके मंदावले असतील, तर सिझर म्हणजे दोन जिवांचा बचाव आहे. तेव्हा पुढच्या बाळाचा विचार करून सहीला टाळाटाळ करणे म्हणजे समोरच्या दोन जिवांशी खेळ. अशा वेळी घरातल्या वडीलधाऱ्यांनी वेळ घालवू नये.

आकडे काय सांगतात

सिझर झाले म्हणजे कूस बंद झाली, हे खोटे आहे. मात्र काहीच फरक पडत नाही, असेही नाही. जगातील अनेक अभ्यास एकत्र करून २०१३ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सिझर झालेल्या स्त्रियांमध्ये पुढे दिवस जाण्याचे प्रमाण सरासरी ९ टक्क्यांनी कमी आढळले. वर्गात सांगतो तसे सांगायचे तर, नॉर्मल बाळंतपण झालेल्यांपैकी शंभर जणींना पुन्हा दिवस गेले असतील, तर तेवढ्याच सिझरवाल्यांमध्ये साधारण एक्क्याण्णव जणींना गेले.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात पहिलटकरणींचा तीन वर्षे पाठपुरावा करून एक अभ्यास झाला. तो २०२० मध्ये छापून आला. पाळणा लांबवण्याचे कोणतेही साधन न वापरणाऱ्या सुमारे दोन हजार जणींचा हिशेब त्यात होता. नॉर्मल झालेल्यांपैकी शंभरात सुमारे ७७ जणींना तीन वर्षांत दिवस गेले आणि सिझर झालेल्यांपैकी सुमारे ६९ जणींना. फरक आहे, आठांचा आहे. पण शंभरातल्या ६९ जणींची कूस उजवली, हा आकडाही त्याच कागदावर आहे. आपल्याकडे तो कोणी वाचून दाखवत नाही.

हा फरकही सगळा टाक्यांच्या माथी मारता येत नाही. ज्यांचे सिझर होते त्यांच्यात वय जास्त असलेल्या, वजन किंवा साखर वाढलेल्या, पहिल्या वेळीही दिवस राहायला वेळ लागलेल्या स्त्रिया अधिक असतात. म्हणजे अडचण कधी कधी ऑपरेशनच्या आधीपासूनच असते. शिवाय पहिल्या बाळंतपणाची धास्ती घेऊन काही जणी स्वतःच पुढचे मूल लांबवतात. तो त्यांचा निर्णय असतो, आजार नव्हे.

आत नेमके काय होते

सिझरमध्ये गर्भपिशवीच्या खालच्या भागावर आडवा छेद घेतात. तो बहुतेक जणींमध्ये चांगला भरून येतो. काहींमध्ये मात्र टाक्यांच्या जागी आतल्या बाजूने खळगा राहतो. पाळीचे रक्त तिथे साचते आणि पाळी संपल्यावरही काही दिवस तपकिरी डाग पडत राहतात. त्या साचलेल्या रक्तामुळे बीज पुढे सरकायला किंवा गर्भ रुजायला अडथळा येऊ शकतो. दुसरे कारण म्हणजे आतले भाग एकमेकांना चिकटणे. ऑपरेशननंतर, विशेषतः आत जंतूंची लागण झाली असेल तर, पिशवी, नळ्या आणि आतडे यांच्यात जाळ्यासारखे धागे तयार होतात. नळ्या त्यात ओढल्या गेल्या तर गर्भधारणा अवघड होते.

म्हणून सिझरनंतर पाळी उलटूनही डाग चालू असतील, पाळीत पूर्वी नव्हते इतके दुखत असेल, संबंधाच्या वेळी वेदना होत असतील, तर ते अंगावर काढू नका. "सिझरवालीला असे चालायचेच" हे उत्तर स्वीकारू नका. खळगा सोनोग्राफीत दिसू शकतो आणि गरज पडल्यास त्यावर उपायही आहेत.

खरी काळजी पुढच्या दिवसांची

आमच्या मते घरांनी दिवस राहण्यापेक्षा दिवस राहिल्यानंतरची काळजी अधिक करायला हवी. क्वचित, साधारण दोन हजारांत एखादीला, गर्भ जुन्या टाक्यांच्या जागीच रुजतो. तो वेळीच कळला नाही तर जिवावर बेतते. दुसरी गोष्ट वारेची. सिझरच्या व्रणावर वार बसली आणि आत रुतली, तर बाळंतपणात रक्तस्राव आवरत नाही आणि कधी कधी पिशवीच काढावी लागते. अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ज्यांची वार पिशवीच्या तोंडावर होती त्यांचा हिशेब मांडला आहे. त्यांच्यापैकी वार रुतण्याचे प्रमाण पहिल्या सिझरला शंभरात ३, दुसऱ्याला ११, तिसऱ्याला ४० आणि चौथ्याला ६१ होते. मुले किती असावीत हा नवरा-बायकोने मिळून ठरवायचा प्रश्न आहे. पण तिसरे-चौथे सिझर म्हणजे पहिल्याचीच पुनरावृत्ती, असे समजून तो ठरवू नये.

म्हणून सिझर झालेल्या स्त्रीने पाळी चुकल्यावर "तीन महिने कोणाला सांगायचे नाही" म्हणून घरात बसू नये. सहाव्या-सातव्या आठवड्यात पहिली सोनोग्राफी करून गर्भ योग्य जागी आहे ना ते पाहावे. पाचव्या महिन्याच्या तपासणीत वार कुठे आहे, जुन्या टाक्यांवर तर नाही ना, हे मुद्दाम विचारावे.

अंतर किती असावे? बाळंतपणानंतर निदान २४ महिने जाऊ द्यावेत आणि मग पुढची गर्भधारणा व्हावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. दोन वर्षे दूध पाजण्याची मुदत कुरआनात, सूरह बकरामध्ये आली आहे, ती आपल्या घरांत लहान मुलीलाही माहीत असते. टाके भरायलाही वेळ लागतो. गर्भ फार लवकर राहिला तर कळांच्या जोराने जुना व्रण फाटण्याचा धोका वाढतो. मात्र दूध पाजत आहे म्हणून दिवस राहणार नाहीत, या भरवशावर राहू नका. बाळाला फक्त अंगावरचे दूध असेल आणि पाळी आलेली नसेल, तरी हा भरवसा सहा महिन्यांपुरताच. पुढे काय करायचे ते चाळिसाव्याच्या आतच दोघांनी डॉक्टरांना विचारावे.

"एकदा सिझर की कायमचे सिझर" हेही पूर्ण खरे नाही. छेद आडवा असेल, पहिल्या वेळचे कारण या वेळी नसेल आणि डॉक्टरांनी तपासून होकार दिला असेल, तर नॉर्मलचा प्रयत्न करणाऱ्या शंभरांपैकी ६० ते ८० जणींना ते साधते. व्रण फाटण्याचा धोका हजारात पाच-सहा जणींना असतो. तो लहान असला तरी गंभीर आहे. म्हणून हा प्रयत्न रात्री-अपरात्री ऑपरेशन आणि रक्ताची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यातच करावा, घरी किंवा छोट्या प्रसूतिगृहात नव्हे.

कागद आणि प्रश्न

आपण निकाहनामा जपतो, रेशनकार्ड जपतो, मुलांच्या मार्कशीटला प्लास्टिक चढवतो. दवाखान्यातून घरी येताना मिळालेले डिस्चार्ज कार्ड मात्र छटीच्या धांदलीत कुठे जाते कळत नाही. पुढच्या वेळी डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, "सिझर कशासाठी झाले होते?" आणि उत्तर येते, "माहीत नाही, अर्जंट केले." त्या कार्डावर सिझरचे कारण, छेद कसा होता, रक्त चढवले का, ताप किंवा पू झाला होता का, हे लिहिले आहे ना, ते घरी निघण्याआधी पाहा. नसेल तर लिहून मागा. तो तुमचा हक्क आहे.

पहिलटकरणीच्या घरानेही नवव्या महिन्यात विचारावे, "सिझरची गरज का आहे? थांबता येईल का?" ईदच्या आधी मोकळे व्हावे किंवा आखातातून आलेल्या नवऱ्याची सुट्टी संपायच्या आत व्हावे, म्हणून तारीख काढू नये. कारणाशिवाय केलेल्या पहिल्या सिझरचे ओझे पुढच्या प्रत्येक बाळंतपणावर पडते. पैशाची अडचण असेल तर हेही लक्षात ठेवा : २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत आहे आणि त्यात सिझरही येते. आपल्या भागातल्या आशाताईंना विचारा.

आता शेवटची आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट. प्रयत्न करूनही वर्षभरात दिवस राहिले नाहीत, किंवा वय पस्तिसाच्या पुढे असेल आणि सहा महिन्यांत राहिले नाहीत, तर दोघांनी तपासणी करावी. दोघांनी. "त्याला एक मूल झालेय, त्याच्यात काय दोष असणार?" हा समज अनेक संसारांत वर्षे वाया घालवतो. मधुमेह, तंबाखू, वाढते वय यांनी पुरुषाचे बीजही कमजोर होते. त्याची तपासणी सोपी आणि स्वस्त आहे. तिला दुर्बीण, नळ्यांची तपासणी, एकामागून एक इंजेक्शने, आणि त्याची साधी चाचणीसुद्धा नाही, हा इन्साफ नव्हे. तोवर घरात दुसऱ्या निकाहचा विषय काढणाऱ्यांनी आपल्या लेकीला तिच्या सासरी असेच कोणी बोलले तर कसे वाटेल, एवढा विचार करावा.

दुआ करावी, जरूर करावी. औलाद देणारा अल्लाहच आहे, हे म्हणणाऱ्या घराने "पोट फाडले म्हणून झाले नाही" असा निवाडा तरी कसा द्यावा? बहिणींनो, तुमचे वाचून झाले की हा अंक सासूबाईंच्या हाती द्या, आणि त्यानंतर शौहरच्या उशाशी ठेवा.