बाणकोटचा उपदेशक, मुंबईचा मास्तर

श्रीवर्धन तालुक्यातल्या बागमांडल्याहून सुटलेली फेरीबोट काही मिनिटांत सावित्रीची खाडी ओलांडते आणि वेश्वीला लागते. खाडीच्या मुखाशी बाणकोटचा किल्ला आहे. इंग्रजांनी त्याचे नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवले होते. १८२२ पर्यंत दक्षिण कोकणचे मुख्य ठाणे इथेच होते. मग कचेऱ्या रत्नागिरीला हलल्या. दुसऱ्याच वर्षी स्कॉटिश मिशनरी सोसायटीची माणसे इथे आली. खाडीच्या उत्तरेला जंजिऱ्याच्या सिद्दीचे राज्य, त्याच्या पुढे अलिबागला आंग्र्यांचे. मिशनऱ्यांना हक्काने पाय रोवता येईल अशी जागा होती ती ही, इंग्रजी अंमलाखालची. पहिले आलेले डोनाल्ड मिचेल १८२३ साल संपायच्या आतच वारले.

१८२७ मध्ये आलेल्या रॉबर्ट नेस्बिट यांची गोष्ट मात्र लांबली. हा नॉर्थंबरलंडचा, १८०३ सालचा जन्म, सेंट अँड्र्यूज विद्यापीठात अलेक्झांडर डफ यांच्याबरोबर शिकलेला तरुण. बाणकोट-हर्णै पट्ट्यात त्यांचे काम ठरलेले होते: मराठी शिकायची, बाजारात, देवळाबाहेर, धक्क्यावर माणसे जमतील तिथे उभे राहून उपदेश करायचा. मराठी त्यांना अशी चढली की पुढे मुंबईतल्या युरोपियनांमध्ये त्यांच्या तोडीचा मराठी बोलणारा नाही, असे त्यांचे सहकारी सांगत. पण बाजारातल्या उपदेशाने ख्रिस्ती मंडळी उभी राहत नव्हती. लोक ऐकायचे, वाद घालायचे, संध्याकाळ झाली की घरी जायचे.

भरत होत्या त्या शाळा. गावोगावच्या या छोट्या शाळांतून पंतोजी बहुधा ब्राह्मण असत, आणि काही ठिकाणी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदीही. रायगडच्या किनाऱ्यावर बेने इस्राएलांना ‘शनवार तेली’ म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. नवगाव, किहीम, रेवदंडा, अलिबाग ही त्यांची गावे. किहीमचे ते किहीमकर किंवा केहीमकर, पेणचे पेणकर, दिव्याचे दिवेकर. शब्बाथ पाळायचा, सुंता करायची, शेमा ही प्रार्थना म्हणायची, एवढे पिढ्यान्‌पिढ्या टिकले होते. हिब्रू ग्रंथ मात्र वाचता येत नव्हते. मिशनच्या शाळांत जी मुले हौसेने आली त्यांत ही मुले ठळक होती. १८२९ मध्ये आलेल्या मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठीचे पहिले धडे याच किनाऱ्यावर घेतले आणि १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण काढले.

त्याच वर्षी विल्सन यांनी मुंबईत अंब्रोळीला इंग्रजी शाळा उघडली. आजच्या विल्सन कॉलेजचे मूळ ते. १८३५ मध्ये मिशन चर्च ऑफ स्कॉटलंडकडे गेले, शाळेला जनरल असेंब्लीज इन्स्टिट्यूशन हे भारदस्त नाव मिळाले, आणि पुढे नेस्बिटही भटकंती सोडून इथल्या वर्गात येऊन बसले. दीक्षित मिशनरी ते राहिलेच, पण दिवस मुलांचा झाला. समोर बाजारातले येणारे-जाणारे नाहीत, तर रोज त्याच बाकांवर येणारी चौदा-सोळा वर्षांची मुले. उपदेश आवडला नाही तर बाजारातला माणूस निघून जातो. विद्यार्थी उद्या परत येतो आणि कालचाच प्रश्न पुन्हा विचारतो. नेस्बिट यांच्यासारख्या माणसाला हेच मानवणारे होते, असे त्यांच्या पुढच्या आयुष्याकडे पाहून म्हणावेसे वाटते.

आणि इथेच या कामातला सगळ्यात अवघड भाग सुरू होतो.

१८३९ मध्ये धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांचा बाप्तिस्मा झाला. पारशी समाज खवळला, प्रकरण कोर्टात गेले, पालकांनी भराभर मुले काढून घेतली. चार वर्षांनी याच शाळेतले ब्राह्मण विद्यार्थी नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत नेस्बिट यांच्या घरी राहत होता. वय बाराच्या आसपास. वडील सुप्रीम कोर्टात गेले आणि न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांनी मुलगा वडिलांच्या ताब्यात दिला. खटला कायद्याच्या पुस्तकांत ‘क्वीन विरुद्ध नेस्बिट’ म्हणूनच नोंदलेला आहे. पुढे श्रीपतला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि कर्मठांनी त्यांनाही सोडले नाही.

या खटल्यात कोर्टाचा निर्णय योग्य होता. मुलाचा ओढा खरा असेल, मास्तरांचा हेतूही निर्मळ असेल. तरी बारा वर्षांच्या मुलावर मास्तरांचा जो पगडा बसतो तो प्रौढ श्रोत्यावर कुठलाही उपदेशक बसवू शकत नाही. पाळकाची मंडळी आपणहून आलेली असते. शाळेत मुलाला पाठवलेले असते बापाने, गणित-इंग्रजी यावे म्हणून. मंडळीचे काम सोडून शाळेत जाणाऱ्या कुठल्याही पाळकाने, मग तो १८४३ चा असो की आजचा, हा फरक पहिल्या दिवशीच मनाशी पक्का करायला हवा.

याच नेस्बिट यांच्या वर्गात १८४९ च्या सुमारास बेळगावचा एक तरुण आला. बाबा पदमनजी. त्यांनी घाई केली नाही. वाचले, भांडले, लिहिले, आणि १८५४ मध्ये बेळगावला बाप्तिस्मा घेतला तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. तीनच वर्षांनी त्यांची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी आली. १८६७ मध्ये ते पुण्याच्या मंडळीचे पाळक झाले आणि काही वर्षांतच तेही पद सोडून लेखणीकडे वळले. म्हणजे व्यासपीठ सोडण्याची वाट गुरूनंतर शिष्यानेही धरली. ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात आपल्या शिक्षकांबद्दल ते कृतज्ञतेने लिहितात.

नेस्बिट यांना शिष्याचे हे पुस्तक पाहायला मिळाले नाही. १८५५ मध्ये मुंबईत कॉलऱ्याने त्यांना गाठले.

ज्यांच्या किनाऱ्यावर हे सगळे सुरू झाले, त्या बेने इस्राएलांचे काय? मिशनच्या शाळांत ते शिकले, हिब्रू शिकले, मिशनच्या शाळांतून शिकवायला लागले, आणि अगदी मोजके अपवाद सोडले तर यहुदीच राहिले. उलट अक्षरओळख झाल्यावर त्यांचा धर्म अधिक घट्ट झाला. १८४६ मध्ये वल्हांडण सणाला वाचायची त्यांची हगादा मराठीत, मुंबईत छापली गेली. रेवदंडा आणि अलिबागला सिनेगॉग याच दशकात उभी राहिली. मिशनच्या हिशेबात हे अपयश धरले गेले असेल. शाळेच्या हिशेबात तसे धरायचे कारण नाही. अलिबागला जन्मलेल्या हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी बेने इस्राएलांचा इतिहास लिहिला, तो मिशनऱ्यांनी दिलेल्या विद्येचे ऋण मान्य करूनच. १८७५ मध्ये, विल्सन ज्या वर्षी वारले त्याच वर्षी, केहीमकरांनी आपल्या भावांच्या साथीने मुंबईत समाजाच्या मुलांसाठी इस्राएली शाळा काढली. तिथे इंग्रजी-मराठीबरोबर हिब्रूही शिकवत, आणि ती शिकवणारे मास्तर आता त्यांच्यातलेच होते.