लोणावळ्याची घरे : आधी छप्पर, मग यंत्र

ज्या गावी हवापालटासाठी जायचे, त्याच गावातील घरांना वातानुकूलन यंत्रे बसावीत, हे काहीसे चमत्कारिकच. परंतु लोणावळ्यात आणि एकूण मावळात ते घडत आहे. चैत्र-वैशाखातील दुपार येथेही तापते, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न एवढाच की, निवृत्त शिक्षकाने वा कारकुनाने भविष्यनिर्वाह निधीतले शिल्लक चार पैसे आधी कशावर खर्चावेत?

१९५०-६० च्या सुमाराची येथील घरे मंगलोरी कौलांची आहेत, तशी सपाट स्लॅबचीही. कौलांच्या फटींतून तापलेली हवा निसटते. स्लॅब मात्र दिवसभर ऊन साठवतो आणि दिवेलागणीनंतर तीच उष्णता खोलीत सोडतो. त्याखाली दीड टनाचे यंत्र बसविणे म्हणजे चूल पेटती ठेवून पंख्याने वारा घालणे होय. गच्चीची गळती थांबवून तिला पांढरा रंग द्यावा, पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून छज्जा काढावा आणि रात्री खिडक्या उघडाव्यात. सुमारे ६२० मीटर उंचीवरच्या या गावात रात्रीचा वारा फुकट मिळतो.

खरा शत्रू उन्हाळा नव्हेच. तो पावसाळा आहे. वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या भिंतींना ओल येते, पुस्तकांना बुरशी चढते. येथे वातानुकूलन यंत्राचा भरवसा धरू नये. १ जानेवारी २०२० पासून खोलीची यंत्रे मुळात २४ अंशांवर लावलेली असावीत, असा केंद्राचा नियम आहे. श्रावणात खोलीच तेवढ्या तापमानाची असते. यंत्र लगेच थंडावते आणि दमटपणा तसाच राहतो. विदर्भातला कूलर तर येथे पावसाळ्यात ओल वाढवील! त्यापेक्षा हवेतील पाणी ओढून घेणारे छोटे यंत्र उपयोगी. पण तेही भिंतीची गळती बुजविल्यानंतर.

थंडीचे दिवस मोजकेच. त्यांच्यासाठी गरम हवाही देणारे यंत्र घेणे परवडत असेल तर घ्यावे. नाहीतर जाड गोधडी पुरते. बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र कदापि ठेवू नये. तिचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो.

आणि वायरिंग? दिवे-पंख्यांपुरत्या ओढलेल्या साठ वर्षांपूर्वीच्या तारांवर नवे यंत्र चढविणे हा आगीशी खेळ आहे. स्वतंत्र तार, पक्के अर्थिंग आणि गळतीचा प्रवाह तोडणारा स्विच यांचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरला पाहिजे.

दुर्दैवाने यंत्र बसविणारा कारागीर येतो आणि पहिल्या दिवशी भिंतीवरचे झरोके विटांनी बुजवितो. जुन्या बांधणाऱ्यांनी ते हौसेखातर ठेवले नव्हते. लोणावळा नगरपरिषदेने दुरुस्तीच्या अर्जासोबत या गोष्टींचे एक पानी मराठी पत्रक द्यावे. छपाईचा खर्च तो काय!