मताचा हक्क आणि मतदानाची तारीख

मताधिकार कोणाला मिळाला, याची चर्चा नेहमी होते; तो किती वर्षांनी बजावता आला, हे मात्र क्वचितच विचारले जाते. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या शहरांचा अलीकडचा अनुभव पाहता दुसरा प्रश्नही तितकाच गंभीर आहे, असे आम्हांस वाटते.

मताधिकार देताना भारताने हात आखडता घेतला नाही. ब्रिटनमध्ये स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार १९२८ साली मिळाला. स्वित्झर्लंडमध्ये राष्ट्रीय निवडणुकांसाठी १९७१ साल उजाडावे लागले. आपल्या राज्यघटनेने तो सर्व प्रौढ नागरिकांना १९५० सालीच दिला. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी उल्हासनगर वसविले. त्या काळी, येथेच कायम राहण्याचा इरादा जाहीर करणाऱ्या निर्वासितांची नावे मतदारयादीत घ्यावीत, अशा सूचना होत्या. त्याच सुमारास शेजारच्या सिलोनने चहामळ्यांतील लाखो तमिळ मजुरांचे नागरिकत्व व मताधिकार हिरावून घेतले.

असे असूनही, अंबरनाथ व बदलापूर नगरपालिकांसाठी एप्रिल २०१५ नंतर थेट डिसेंबर २०२५ मध्ये मतदान झाले. उल्हासनगर महापालिकेसाठी ते फेब्रुवारी २०१७ नंतर जानेवारी २०२६ मध्ये झाले. पालिकेची मुदत पाच वर्षांची असून ती संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी, असे घटनेचे कलम २४३-यू सांगते. आधी महामारी आली, पुढे इतर मागासवर्गीयांचे आरक्षण व प्रभागरचना यांवरील वाद न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आदेश दिल्यानंतरच निवडणुकांचा मार्ग मोकळा झाला. दरम्यान कारभार प्रशासकांच्या हाती होता. २०१५ च्या मतदानानंतर लगेच अठरा वर्षे पूर्ण केलेल्या बदलापूरच्या तरुणाने लोकसभेसाठी व विधानसभेसाठी प्रत्येकी दोनदा मत दिले असेल. स्वतःच्या शहरासाठी पहिले मत देताना तो अठ्ठावीस वर्षांचा झाला होता.

इंग्लंडनेही महामारीमुळे मे २०२० च्या स्थानिक निवडणुका पुढे ढकलल्या; पण कायद्यानेच मे २०२१ ही नवी वेळ ठरविली आणि ती पाळली. आरक्षणाचा प्रश्न सामाजिक न्यायाचा आहे, तो डावलावा असे आम्ही म्हणत नाही. परंतु विलंबाला मर्यादा हवी.

पाणी, कचरा, गटारे यांप्रमाणेच दफनभूमी हाही घटनेच्या बाराव्या अनुसूचीनुसार पालिकेचा विषय आहे. नगरसेवकच नसेल तर धर्मग्रामाने दफनभूमीच्या जागेची मागणी कोणत्या लोकप्रतिनिधीपुढे मांडावी?

मतदान करणे हे नैतिक कर्तव्य आहे, असे कॅथोलिक चर्चचा धर्मशिक्षणग्रंथ करभरणीच्या बरोबरीने सांगतो. ऑस्ट्रेलियात १९२४ पासून मतदान सक्तीचे असून गैरहजर राहणाऱ्यास दंड होतो. आपल्याकडे ते विवेकावर सोपविले आहे. म्हणून प्रत्येक कुटुंबाने मतदारयादीतील आपली नावे आताच तपासावीत, आणि पुढील निवडणूक मुदतीत व्हावी यासाठी मुदत संपण्यापूर्वीच आवाज उठवावा, अशी आमची सर्व श्रद्धावंतांना विनंती आहे.