कान कुणाचे तपासायचे?

गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्या घरात एक निष्कर्ष निघाला, की आईला आता ऐकायला कमी येतं. तो नक्की कुणी काढला ते सांगता येणार नाही, पण निघाला आणि पक्काही झाला. गडहिंग्लजच्या मावशीचा रोज संध्याकाळी फोन यायचा आणि आई रिसीव्हर कानात खुपसून "काय? काय म्हणालीस? जरा मोठ्यानं बोल की!" असं गल्लीला ऐकू जाईल इतक्या जोरात ओरडायची. एके दिवशी मावशीनं मला मोबाईलवर सांगितलं, "आरं, अक्काला काय ऐकायलाच येत नाही बघ आता. मी रोज फोन करायचं सोडलंय. तिलाबी त्रास, मलाबी." पुण्याच्या बहिणीनं कानाच्या मशीनच्या किमती पाठवल्या. मी कानाच्या डॉक्टरांची शनिवारची वेळ घेतली.

आई आमची यातलं काही बोलली नाही. फक्त संध्याकाळी फोनजवळच्या खुर्चीत बसायची बंद झाली.

गुरुवारी ती देवाजवळ असताना फोन वाजला म्हणून मी उचलला. मावशीच होती. आवाज असा, की कुणीतरी विहिरीच्या तळातून बोलतंय. मलाही ऐकू येईना! माझे कान तर ठीक आहेत. मग?

हा फोन १९९०च्या आसपासचा. बटणांचा, बदामी रंगाचा, उचलला तर हाताला जड लागणारा. १९८४ साली सरकारनं टेलिफोनची उपकरणं बनवायला खासगी कारखान्यांना मुभा दिली आणि बंगलोरच्या आय.टी.आय.च्या काळ्या डायलवाल्यांच्या जागी ही बटणवाली मंडळी हळूहळू घरोघर आली. राजारामपुरीत आमच्या गल्लीत तेव्हा मोजकेच फोन होते. निम्म्या गल्लीनं आपल्या कार्डांवर आमचा नंबर 'पी.पी.' म्हणून छापला होता. त्या काळात या रिसीव्हरला किती कान लागले असतील, ते पुढे कळलंच.

शेजाऱ्यांकडून त्यांचा साधा फोन आणला आणि त्याच सॉकेटला लावला. आवाज खणखणीत. म्हणजे लाइन चांगली, फायबरचा डबाही चांगला. मग गुंडाळीची वायर. तिच्यात चार तारा असतात, दोन माईकच्या आणि दोन ऐकायच्या. एखादी आतून तुटत आली की आवाज पडतो. शेजाऱ्यांची वायर लावून बघितली. फरक शून्य.

वडिलांची पद्धत अशी, की रिसीव्हर टेबलावर दोनदा आपटायचा. ती काळ्या फोनला लागू होती. त्याच्या माईकमध्ये कोळशाचे कण असत, ते दबून बसले की आवाज बारीक व्हायचा आणि आपटल्यावर मोकळा. या फोनच्या माईकमध्ये असले कण नाहीतच, आपटून काय होणार? शिवाय माईक बिघडला तर आपला आवाज पलीकडे जात नाही. आईचा आवाज मावशीला नेहमीच नीट जायचा, तोही दणदणीत. दोष ऐकायच्या बाजूला होता हे त्या ओरडण्यातच उघड होतं, आणि आम्ही त्याला बहिरेपणाचा पुरावा मानत होतो.

मग रिसीव्हर उघडला. (आधी लाइनची वायर काढा बरं का. मी काढली नव्हती, नेमकी रिंग आली आणि असा झटका बसला की स्क्रू ड्रायव्हर सोफ्याखाली.) ऐकायच्या भोकांमागे खोबरेल, पावडर आणि धूळ यांचं तीस-पस्तीस वर्षांचं मेण बसलेलं. टाचणी घालायची नाही, मागे पातळ पडदा असतो. कोरड्या टूथब्रशनं हळूहळू काढलं. निम्मा आवाज परत आला. उरलेल्या निम्म्यासाठी दुकान शोधलं. पहिल्यानं फोन न उघडताच "काका, टाका हे आणि नवीन घ्या" म्हणून सांगितलं. दुसरे गृहस्थ पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांनी बोर्डावरचे सुकलेले दोन कपॅसिटर बदलले. दहा मिनिटांचं काम.

पहिल्या दुकानदाराला मी दोष देत नाही, त्याला दिवसाला पन्नास गिऱ्हाईकं. आणि जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतला मी नाही. पण वस्तू जुनी दिसली की ती गेली आणि माणूस म्हातारं दिसलं की त्याचे कान गेले, हे आपण न उघडताच ठरवतो, याचा मला राग आला. स्वतःचाच जास्त. पाच मिनिटं तो रिसीव्हर स्वतःच्या कानाला लावायला मला तीन महिने लागले.

शनिवारी डॉक्टरांकडे गेलोच. तपासणीत वरच्या पट्टीतला आवाज थोडा कमी निघाला, वयाप्रमाणे. टेलिफोन मुळातच साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच आवाज पोचवतो, त्यामुळे 'स', 'फ' असली अक्षरं आधीच फिकी होतात. त्यात फोनही कुजबुजत असेल तर चांगल्या कानाचंही अवघड होतं. मशीनची सध्या गरज नाही, वर्षानं या, म्हणाले. म्हणजे आम्ही अगदीच चूक नव्हतो. पण चुकीच्या टोकापासून सुरुवात केली होती.

संध्याकाळी मीच मावशीला फोन लावायला सांगितलं. आई खुर्चीत बसली, रिसीव्हर उचलला आणि एकदम कानापासून वीतभर लांब धरला.

"अगं, वरडतीस कशाला एवढी? मी काय बहिरी हाय व्हय?"