तयार घर घेताना शिलाई पाहा

आमचा धंदा कापडाचा. रेडिमेड कपडे पेठेत आले तेव्हा शिंपी मंडळींनी नाके मुरडली होती. "दोन धुण्यांत उसवेल," असे ते म्हणत. आज त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची मुले रेडिमेडच्याच कारखान्यांत कटिंग करतात. हे आठवायचे कारण असे की, आता घरांच्या भिंती व स्लॅबही साच्यात तयार होऊन येऊ लागल्या आहेत आणि आमच्या गवंडी बांधवांच्या तोंडी तीच भाषा आहे.

वास्तविक हा प्रकार आपल्या देशाला नवा नाही. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांसाठी सरकारने १९४८ साली दिल्लीत तयार घरांचा कारखानाच काढला होता. अलीकडे चेन्नईत ११५२ घरांची वसाहत याच पद्धतीने उभी राहिली. जानेवारी २०२१ मध्ये कोनशिला बसली, मे २०२२ मध्ये उद्घाटन झाले.

साच्यातल्या कामात सिमेंट-पाण्याचे माप ठरलेले असते. आपल्याकडे भर उन्हाळ्यात स्लॅब टाकतात, ठेकेदाराचा माणूस दोन दिवस पाणी मारतो, तिसऱ्या दिवशी गायब. मग चार पावसाळ्यांत छत ठिबकू लागते. विटांचे तुकडे, सांडलेली रेती, कुजलेल्या फळ्या, ही सारी नासाडी शेवटी घर घेणाऱ्याच्याच खिशातून जाते. साच्यात ती पुष्कळ वाचते.

मात्र शिंपी बोलत होते ते अगदीच खोटे नव्हते. लंडनमध्ये रोनन पॉइंट नावाची २२ मजली इमारत तयार भिंती जोडून बांधली होती. लोक राहायला येऊन दोनच महिने झाले होते. १६ मे १९६८ च्या पहाटे अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला, एक भिंत बाहेर फेकली गेली आणि इमारतीचा अख्खा कोपरा वरपासून खालपर्यंत ढासळला. चार जण मेले. पुढे १९८६ साली ती उतरवताना काही सांध्यांत मसाल्याऐवजी वर्तमानपत्राचे कागद कोंबलेले निघाले! कापड उत्तम, शिलाई कच्ची, असा हा मामला.

म्हणून असे घर घेणाऱ्याने फरशी व रंग पाहण्याआधी सांध्यांची चौकशी करावी. ते कशाने भरले, तपासले कोणी, बाहेरच्या बाजूने पावसाचे पाणी अडवायला काय लावले आणि ते किती वर्षांनी बदलावे लागेल, हे लेखी मागावे. दुसरे असे की, या भिंती बहुधा भार पेलणाऱ्या असतात. दुकानासाठी दार फोडायचे, मुलाच्या लग्नाला मागची भिंत पाडून खोली वाढवायची, ही आपली जुनी सवय तेथे चालणार नाही. आणि मोहल्ल्यातल्या एकट्या घरासाठी हा खटाटोप परवडत नाही. त्या गल्लीत क्रेन शिरणार कोठून? पन्नास-शंभर कुटुंबांनी सोसायटी करून बांधायचे ठरवले तर हिशेब जमेल.

सांधा भरण्याचे काम अजूनही माणसाच्या हातचे आहे. भिंत ओळंब्यात धरणे, सळया जुळवणे, मसाला पोकळी न ठेवता भरणे, हे ज्याचा हात बसलेला आहे त्यालाच जमते. आमच्या गवंड्यांचा हात बसलेला आहे, फक्त हे नवे काम त्यांनी शिकून घेतलेले नाही. शिंप्यांच्या मुलांना कटिंग मास्तर व्हायला वीस वर्षे मिळाली होती. गवंड्यांना तेवढी सवड मिळेल असे आम्हाला दिसत नाही.